हाताची परीक्षा

संशोधनपद्धतीचा पहिला तास मी नेहमी एका बागेपासून सुरू करते. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गातली मुलंमुली नमुन्याचा आकार, पी-व्हॅल्यू वगैरे ऐकायच्या तयारीने वह्या उघडून बसलेली असतात. मी त्यांना १७८४ सालच्या पॅरिसजवळच्या पासी गावात नेते. बाग बेंजामिन फ्रँकलिन राहत होते त्या घराची, झाड जर्दाळूचं, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक बारा वर्षांचा मुलगा.

त्या काळी पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर यांच्या चुंबकीय उपचारांची लाट आली होती. उपचार करणारा रुग्णासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसे, त्याच्या अंगावरून हात फिरवी, पोटावर हात दाबून ठेवी. रुग्णाला घाम फुटे, कोणाला हुंदके येत, कोणी आचके देई, आणि पुष्कळांना खरोखर बरं वाटे. सोळाव्या लुईने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बायी होते. मेस्मर यांनी सहकार्य नाकारलं, पण त्यांचे शिष्य देस्लों तयार झाले. देस्लोंनी बागेतलं एक झाड आपल्या पद्धतीने भारलं. मग त्या मुलाला डोळे बांधून भलत्याच चार झाडांकडे एकापाठोपाठ एक नेलं आणि प्रत्येक झाडाला मिठी मारायला सांगितलं. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम आला, खोकला आला. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून २४ फुटांवर होतं.

आयोगाने आपल्या अहवालात या सगळ्या परिणामांची तीन कारणं दिली: कल्पना, अनुकरण आणि स्पर्श. वर्गातले बहुतेक जण पहिल्या कारणापाशी थांबतात, कारण प्लॅसिबो त्यांना माहीत असतो. मी त्यांना तिसऱ्या कारणाकडे बघायला सांगते. आमचा सगळा व्यवसाय त्याच्यावर उभा आहे. पासीच्या बागेत रुग्णाचे डोळे बांधले होते. देस्लों उघड्या डोळ्यांनी तिथेच उभे होते आणि आपलं झाड कुठलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याच्या हातून उपचार होतो त्याच्या विश्वासाचं काय करायचं, हा प्रश्न त्या आयोगापुढे आला नाही. आमच्या क्षेत्रात तो आजही सुटलेला नाही, आणि त्याचा इतिहास प्रत्येक फिजिओथेरपिस्टला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पंधरा वर्षांनी इंग्लंडमधल्या बाथ शहरात गोष्ट एक पाऊल पुढे गेली. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या एलायशा पर्किन्स या डॉक्टरांनी १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार सळ्यांचं पेटंट घेतलं होतं. बोटाएवढ्या या सळ्या दुखऱ्या जागेवरून काही मिनिटं फिरवत राहिलं की वेदना ओढून निघते, असा त्यांचा दावा होता. लंडनमध्ये एका जोडीला पाच गिनी मोजावे लागत. बाथच्या डॉ. जॉन हेगार्थ यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी सळ्या बनवून घेतल्या आणि जानेवारी १७९९ मध्ये जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्या वापरल्या. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या सळ्या वापरल्या, तर निकाल जवळपास तोच.

१८०० साली हेगार्थ यांनी यावर एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. लाकडी सळ्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच पुस्तकातलं दुसरं एक निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं. एकच औषध नावाजलेल्या डॉक्टरने दिलं तर जास्त गुण देतं आणि अप्रसिद्ध डॉक्टरने दिलं तर कमी, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे देणारा कोण, तो कशा रीतीने देतो, हाही उपचाराचा भाग आहे, हे दोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं.

एकोणिसाव्या शतकात हाताने करायच्या उपचारांना संस्था मिळाल्या. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायाम आणि मालिशचं शिक्षण देणारी राजमान्य संस्था सुरू केली. अमेरिकेत ऑस्टिओपॅथी आणि कायरोप्रॅक्टिक हे दोन पंथ निघाले. लंडनमध्ये १८९४ साली मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात म्हणून ओरड झाली, तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची सोसायटी काढली. आजची ब्रिटनची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ती हीच. त्या बायकांनी स्वतःवर कडक नियम घालून घेतले: डॉक्टरने सांगितल्याशिवाय मालिश करायचं नाही, पुरुष रुग्ण सहसा घ्यायचे नाहीत, वैद्यकीय नियतकालिकांबाहेर जाहिरात करायची नाही. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, कारण त्यांच्यामुळे आमच्या हाताला समाजात इभ्रत मिळाली. पण त्या नियमांसोबत एक सवयही पडली. उपचार लागू पडतो की नाही हे ठरवणं डॉक्टरकडे, आणि आपण तो सफाईने करणं एवढंच आपल्याकडे. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आणि नंतरच्या पोलिओच्या साथी यांनी हातांना इतकं काम दिलं की तपासायला सवड कोणाला नव्हती. आपल्याकडेही फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय पोलिओच्याच पार्श्वभूमीवर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात उभं राहिलं.

तोवर औषधांच्या जगात मोठी गोष्ट घडून गेली होती. ऑक्टोबर १९४८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णांची वाटणी अशी बेतली होती की पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला आधी कळू नये. १०७ रुग्ण, ५५ औषधाच्या गटात आणि ५२ नुसत्या विश्रांतीच्या. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्यातले १४ रुग्ण दगावले.

ही चाचणी पुष्कळजण डबल-ब्लाइंड समजतात. ती तशी नव्हती. एका गटाला दिवसातून चार इंजेक्शनं मिळत होती आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे वॉर्डातल्या सगळ्यांना दिसत होतं. विश्रांतीच्या गटाला खोटी इंजेक्शनं टोचणं योग्य नाही असं ठरवलं होतं. मग पक्षपात टाळला कसा? छातीचे एक्स-रे अशा तज्ज्ञांकडे वाचायला दिले ज्यांना कुठली फिल्म कुठल्या गटातली हे माहीत नव्हतं. उपचार उघड, मोजणी झाकलेली. हाताच्या उपचारांना नेमकी हीच वाट खुली होती आणि १९४८ पासून ती सगळ्यांना दिसत होती.

आमच्या क्षेत्राने बरीच वर्षं दुसरीच वाट धरली: खोटा उपचार शोधण्याची. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीवर मॅनिप्युलेशनची, म्हणजे मणक्याला झटका देण्याच्या उपचाराची, चाचणी घेतली आणि तुलनेच्या गटाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन लावलं, पण ते ट्यून न करता. रुग्णाला मशीन दिसतं, दिवा दिसतो, शेक मात्र मिळत नाही. मशीनच्या बाबतीत हे जमतं. हाताला बंद करायचं बटण नाही. मणक्याला झटका देणाऱ्याला आपण झटका दिला की नुसता हात ठेवला हे माहीतच असतं, आणि जे त्याला माहीत असतं ते त्याच्या आवाजात, नजरेत, तळव्याच्या दाबात उतरतं.

१९७५ मध्ये डोरान आणि न्यूएल यांची मोठी चाचणी आली. ४५६ रुग्ण आणि चार उपचार: मॅनिप्युलेशन, फिजिओथेरपी, कंबरेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या. चौघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. १९९० मध्ये मीड आणि सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांवर कायरोप्रॅक्टिकची रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण उपचारांशी तुलना केली, तेव्हा कायरोप्रॅक्टिक सरस ठरलं. लगेच आक्षेप आला: एका गटाला खासगी दवाखान्यातला निवांत वेळ मिळाला आणि दुसऱ्याला सरकारी रुग्णालयाची रांग. सरस काय ठरलं, झटका की तो देणारा माणूस आणि त्याची खोली? कागदावर दोन तंत्रांची तुलना होती. प्रत्यक्षात दोन प्रकारच्या माणसांची, दोन प्रकारच्या विश्वासांची तुलना झाली होती.

याच सुमारास दोन प्रयोगांनी डॉक्टरच्या मनाचं वजन किती असतं ते दाखवलं. दोन्ही फिजिओथेरपीचे नाहीत, तरी मी ते प्रत्येक तुकडीला शिकवते. पहिला ग्रेसली यांचा, १९८५ सालचा. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना एक इंजेक्शन द्यायचं होतं. ते प्रभावी वेदनाशामक असेल, नुसतं पाणी असेल, किंवा वेदना वाढवू शकणारं औषध असेल, असं सगळ्या रुग्णांना सांगितलं होतं. देणाऱ्या डॉक्टरांना मात्र एका टप्प्यात माहीत होतं की खऱ्या वेदनाशामकाची शक्यताच नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात ती होती. दोन्ही टप्प्यांत ज्यांना नुसतं पाणी मिळालं त्यांच्या वेदनेत तासाभरात स्पष्ट फरक पडला. रुग्ण सारखे, पाणी तेच. फरक होता तो फक्त देणाऱ्याच्या मनातल्या शक्यतेचा, आणि त्याने ती शब्दांत सांगितलेली नव्हती.

दुसरा प्रयोग कॅनडातला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एका चाचणीत त्याच रुग्णांना दोन न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं. एकाला रुग्णाचा गट माहीत होता, दुसऱ्याला नव्हता. १९९४ मध्ये नोजवर्दी आणि सहकाऱ्यांनी दोघांचे गुण शेजारी मांडले. ज्यांना माहिती होती त्यांच्या कागदावर उपचाराचा फायदा दिसत होता, ज्यांना नव्हती त्यांच्या कागदावर तो दिसत नव्हता. पुढे डेन्मार्कच्या ह्रोबियार्टसन यांनी अशी दुहेरी मोजणी असलेल्या चाचण्या गोळा केल्या. २०१२ च्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे गट माहीत असलेला परीक्षक उपचाराचा परिणाम सरासरी ३६ टक्क्यांनी फुगवतो.

हे कसं घडतं ते आमच्या ओपीडीत कोणालाही बघता येईल. जखडलेल्या खांद्याचा रुग्ण घ्या. सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर लावून हात वर नेताना शेवटी थोडा दाब द्यायचा असतो. ज्या रुग्णावर आपण मेहनत घेतली आहे त्याच्या वेळी तो दाब जरा जास्त पडतो आणि तोंडून आपोआप निघतं, “येतंय, येतंय, अजून थोडं, काका!” पाच अंश असे मिळतात. तुलनेच्या गटातल्या रुग्णाच्या कपाळावर आठी दिसली की आपण म्हणतो, “राहू दे, बास,” आणि तिथला आकडा लिहितो. मग विचारायचं की दुखणं दहापैकी किती? ज्या मॅडमनी दोन आठवडे रोज अर्धा तास खांदा धरला त्यांच्या तोंडावर आठ म्हणायला आपल्याकडच्या रुग्णाला जड जातं. तो चार म्हणतो. यात कोणीही खोटं बोललेलं नसतं, म्हणून तर ते पकडता येत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेत एमिली रोझा या मुलीचा एक प्रयोग वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिने तो सुरू केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शरीराला हात न लावता त्याभोवतीची ऊर्जा तळव्यांना जाणवते असं मानणाऱ्या २१ उपचारकांना तिने पुठ्ठ्याच्या आडोशाआड हात ठेवायला सांगितले आणि आपला हात त्यांच्या उजव्या किंवा डाव्या तळव्यावर धरला. कुठल्या, ते ओळखायचं होतं. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आलं, ४४ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षाही कमी. पासीमध्ये रुग्णाचे डोळे बांधले होते. इथे एका मुलीने उपचार करणाऱ्याची परीक्षा घेतली. पण आमचे हात खरंच लागतात, स्नायू आणि सांधे हलवतात. त्यामुळे आमचा प्रश्न जास्त अवघड आहे: हाताने जे केलं त्याचा परिणाम किती आणि हाताच्या मालकाचा किती?

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला कॅनडातल्या फुएन्तेस यांच्या २०१४ च्या चाचणीत मिळालं. कंबरदुखीचे ११७ रुग्ण, सर्वांना एकदाच, अर्धा तास आयएफटीचं, म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह देणारं, मशीन. निम्म्यांचं मशीन चालू आणि निम्म्यांचं नुसतं लावलेलं. या दोन्हींतल्या अर्ध्या रुग्णांशी थेरपिस्ट कामापुरतं बोलून निघून गेला आणि अर्ध्यांजवळ बसून राहिला, त्यांचं ऐकलं, विचारपूस केली, धीर दिला. दहाच्या मापावर वेदना अशी कमी झाली: मशीन चालू आणि सोबत असेल तर ३.१३, मशीन बंद पण सोबत असेल तर २.२२, मशीन चालू पण सोबत नसेल तर १.८३, दोन्ही नसेल तर १.०३. बंद मशीनशेजारी बसलेल्या माणसाने चालू मशीनला मागे टाकलं. तरीही पहिला आकडा सगळ्यात मोठा आहे, म्हणजे विजेनेही आपलं काम केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या म्हणून कळल्या.

अमेरिकेतल्या चॅड कुक यांनी २०११ मध्ये उपचार करणाऱ्याच्या विश्वासाचा प्रश्न मॅन्युअल थेरपीपुढे ठेवला. १९८७ मध्ये बेंजामिन फ्रीडमन यांनी मांडलं होतं की दोन उपचारांपैकी सरस कुठला याबद्दल तज्ज्ञांच्या समूहात खरीखुरी अनिश्चितता असेल तरच चाचणी घेणं नैतिक ठरतं. कुक म्हणाले, हे पुरेसं नाही. समूह अनिश्चित असेल, पण चाचणीत उपचार करणारा माणूस मनाने एका बाजूला झुकलेला असेल तर? २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झटक्याचं आणि बिनझटक्याचं अशा दोन तंत्रांची कंबरदुखीवर तुलना केली आणि थेरपिस्टचा कल कुठल्या तंत्राकडे आहे हेही नोंदवलं. दोन तंत्रांत फरक निघाला नाही. थेरपिस्टच्या कलाचा मात्र वेदनेशी आणि अक्षमतेशी संबंध दिसला.

मग करायचं काय? सिडनीच्या संशोधकांनी १९९९ मध्ये पेड्रो हा फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा संग्रह सुरू केला. चाचणीचा दर्जा ठरवणाऱ्या त्यांच्या मापात दहापैकी तीन गुण ब्लाइंडिंगला आहेत: रुग्ण, थेरपिस्ट आणि परीक्षक. हाताच्या उपचारात पहिले दोन जवळजवळ नेहमी जातात. तिसरा जायचं कारण नाही, आणि तो राखणं हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग कॅनडातल्या डेव्हरो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आग्रहाने मांडला. एकाच थेरपिस्टला आवडतं आणि नावडतं अशी दोन्ही तंत्रं करायला लावू नका. ज्याचा ज्या तंत्रावर विश्वास आणि हातखंडा आहे त्याला तेच करू द्या, आणि चिठ्ठी टाकून रुग्ण कोणाकडे जाणार ते ठरवा. मग विश्वास दोन्ही पारड्यांत सारखा पडतो. तिसरा मार्ग सगळ्यात साधा आहे: चाचणी सुरू होण्याआधी प्रत्येक थेरपिस्टला विचारा की तुझ्या मते काय जिंकेल, आणि ते उत्तर निकालासोबत छापा.

आपल्या महाविद्यालयांत दर वर्षी मलिगन विरुद्ध मेटलंड अशा हाताच्या तंत्रांच्या तुलनांचे प्रबंध होतात. बहुतेकदा एकच विद्यार्थिनी रुग्ण निवडते, उपचार करते आणि मोजते. विषय तिच्या मार्गदर्शकांच्या आवडीचा असतो, म्हणजे निकालाची अपेक्षाही घरातच ठरलेली असते. दोष त्या मुलीचा नाही. तिच्याकडे दोन वर्षं आहेत आणि मदतनीस कोणी नाही. पण शेजारच्या युनिटमधल्या मैत्रिणीने तिचे रुग्ण मोजले आणि हिने मैत्रिणीचे, तर एक रुपयाही खर्च येत नाही. कोऱ्या पाकिटात गटांच्या चिठ्ठ्या घालायलाही नाही. एवढं झालं तरी आमच्या प्रबंधांतले पुष्कळसे पाच-पाच अंश गळून पडतील. जे उरेल ते आम्हाला ऑर्थोपेडिक सर्जनसमोर आणि विमा कंपनीसमोर मान वर करून सांगता येईल.

काही सहकाऱ्यांना भीती वाटते की अशा तपासणीने रुग्णाचा विश्वास उडेल आणि आमच्या हाताचं महत्त्व कमी होईल. मला उलट वाटतं. हेगार्थपासून फुएन्तेसपर्यंतचा सगळा इतिहास सांगतो की विश्वासाने, आपुलकीने केलेला स्पर्श वेदना कमी करतो. ही आमच्या व्यवसायाची खरी कमाई आहे आणि ती उपचाराच्या खोलीत भरभरून वापरली पाहिजे. फक्त तिचं श्रेय तंत्राच्या खात्यात टाकू नये. मध्ये रेघ मारून हे दोन हिशेब वेगळे ठेवले, तर कुठल्या तंत्रावर विद्यार्थ्यांचे महिने खर्च करायचे आणि कुठल्यावर नाही हे कळेल. रुग्णाजवळ बसून त्याचं ऐकायला वेळापत्रकात वेळ मागायचा हक्कही मिळेल, कारण त्या वेळाचीही किंमत आकड्यांत सिद्ध झालेली असेल. म्हणून प्रबंध तपासायला येतात तेव्हा निष्कर्षाच्या पानाआधी मी पद्धतीचं पान उघडते, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विचारते की मोजलं कोणी.